सतराशे विघ्नं

नकटीच्या लग्नाला सतराशेच विघ्नं का, सोळाशे किंवा अठराशे का नाहीत, याचा खुलासा करायला त्या म्हणीचा कर्ता आज हयात नाही. पण आकडा त्याने अचूक धरला होता. २०२१ साली इंटेलने मदरबोर्डावर प्रोसेसर बसवायचं नवं सॉकेट आणलं, त्याचं नाव एलजीए १७००. हा १७०० मॉडेल नंबर नव्हे, पिनांची शिरगणती आहे. ४५ बाय ३७.५ मिलिमीटरच्या चिपखाली सोन्याचा मुलामा दिलेल्या सतराशे पिना. त्यातली एखादी मोक्याची पिन वाकली की सुनेचं ऑफिस, नातवाचा गेम आणि आजोबांचं इन्कम टॅक्स रिटर्न एकाच वेळी बंद. पुढच्याच वर्षी एएमडीने एएम५ काढलं, त्यात १७१८ पिना. स्पर्धा म्हटली की गिऱ्हाइकाला अठरा विघ्नं जास्त द्यावीच लागतात.

पूर्वी असं नव्हतं. पेन्टियम फोरच्या सुरुवातीच्या दिवसांत सॉकेट ४७८ असायचं. तेव्हा पाय चिपच्या पोटाला असत आणि बोर्डावर नुसती भोकं. एखादा पाय वाकला तर चिप उजेडात धरायची, शिसं काढलेल्या पेन पेन्सिलीचं पोकळ टोक त्या पायावर चढवायचं आणि हळूच उभा करायचा. शाळकरी पोराच्या कंपासपेटीत बसेल एवढी ही विद्या होती. २००४ साली इंटेलने एलजीए ७७५ आणून पिना चिपवरून उचलल्या आणि बोर्डावर लावल्या. चिपचं पोट सपाट झालं, त्यावर फक्त सोनेरी ठिपके राहिले. तेवढ्याच जागेत जास्त जोडण्या बसतात, वीज नीट पोचते, अशी कारणं दिली गेली आणि ती खरीही आहेत. पण रिपेअरिंगच्या दुकानांत जे कारण सांगतात ते मला जास्त पटतं: पिन चिपवर असली की भांडण चिपवाल्याशी, बोर्डावर असली की बोर्डवाल्याशी.

एएमडीने घरगुती प्रोसेसरांपुरता जुना रिवाज २०२२ पर्यंत चालवला. एएम४ च्या चिपला १३३१ पाय होते. तिथलं विघ्न वेगळं. कूलरखालची थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं सुकून अशी घट्ट धरते की कूलर उपटला तर सॉकेटचा खटका बंद असूनही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून बाहेर येतो. आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करावी आणि मग कूलर डावीउजवीकडे पिळून सोडवावा, हे उपनगरातल्या प्रत्येक कारागिराला माहीत असतं. गिऱ्हाइकाला ते नंतर कळतं.

आता या नव्या सॉकेटातल्या पिनांबद्दल एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. त्या सरळ नसतात. सरळ असायच्याच नसतात. प्रत्येक पिन ही एक तिरकी, बारीक स्प्रिंग असते. वरून चिप दाबली गेली की ती थोडी दबते आणि ठिपक्याला चिकटून राहते. तेव्हा वाकडं असणं हा इथे दोष नाही. शेजारणीपेक्षा वेगळं वाकडं असणं हा दोष आहे. को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीत राहिलेल्या माणसाला हे तत्त्व समजायला अजिबात वेळ लागत नाही.

आणि अंतर तरी किती? एका पिनेपासून दुसरी एक मिलिमीटरच्याही आत. मुंबईकराचं सगळं आयुष्य सरकून घेण्यात गेलेलं. लोकलमध्ये तिघांच्या बाकड्यावर चौथा येतो, ‘जरा आत घ्या’ म्हणतो, तिघं खिडकीकडे एकेक इंच सरकतात आणि तो मांडीचा एक काठ टेकवून कल्याणपर्यंत सुखाने जातो. पिनांच्या राज्यात चौथी सीट नाही. एक पिन शेजारणीकडे पाव मिलिमीटर सरकली, नुसता तिचा शेंडा जरी लागला, तरी दोघीही गेल्या. म्हणजे ग्राउंडला ग्राउंड लागलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण एकीत वीज आणि दुसरीत ग्राउंड असेल तर बोर्ड चालूच होत नाही, आणि झाला तर चांगला वास येत नाही.

बरं, या पिना वाकवतं कोण? माझं निरीक्षण असं की निष्काळजीपणाने पिन क्वचितच वाकते. निष्काळजी माणूस कॅबिनेट उघडतच नाही. त्याच्या कॅबिनेटमध्ये धूळ, झुरळाची अंडी आणि २०१२ सालची थर्मल पेस्ट सुखाने नांदतात, आणि संगणक चालत राहतो. पिन वाकते ती काळजीने.

दसऱ्याचंच घ्या. खंडेनवमीला आपण कॅबिनेटवर हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. इथवर हरकत नाही, पूजेने पिना वाकत नाहीत. पण पूजेआधी पुसतात. मुलुंडला निवृत्त माणसांची संख्या भरपूर आहे आणि प्रत्येकाकडे एक पिवळं फडकं असतं. आधी बाहेरून पुसायचं, मग झाकण काढून आतून, मग ‘एवढं उघडलंच आहे तर’ म्हणून कूलर काढायचा, मग प्रोसेसर. आणि मग त्या मोकळ्या सॉकेटात दिसतो जुन्या पेस्टचा एक करडा ठिपका. काकांना ठिपका सहन होत नाही. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून ते एकदाच, अगदी हलकेच फिरवतात. फडक्याची एक दशी पिनांच्या रांगेत अडकते. काका ती ओढतात. पुढचं सांगायला नको.

दुसरा प्रकार ‘नीट बसलाय ना’ वाल्यांचा. चिपच्या कोपऱ्यात छोटा सोनेरी त्रिकोण असतो, कडेला खाचा असतात. त्रिकोणाला त्रिकोण जुळवून, खाचेत खाच धरून चिप सरळ खाली ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. बस्स. पण हात काढून घेणं आपल्या रक्तात नाही. कुकरचं झाकण, ड्रॉवर, गॅसचं सिलिंडर, काहीही बसवलं की आपण ते एकदा हलवून बघतोच. तशी इथेही चिप तर्जनीने किंचित इकडे, किंचित तिकडे सरकवली जाते, आणि खाली चार-सहा पिना लवतात.

त्यात तो खटका. चिप बसवल्यावर सॉकेटच्या बाजूची लोखंडी दांडी दाबून अडकवायची असते. तिला जोर लागतो, आणि दाबताना करकर असा आवाज येतो. सगळं नीट बसत असताना जो आवाज येतो, बरोबर तोच आवाज सगळं मोडत असतानाही येतो. ज्याने ही रचना केली त्याला माणसाच्या रक्तदाबाची बहुधा कल्पना नसावी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या काळजीला नुसता ऊत आला. कपाटावरचे, पलंगाखालचे जुने डेस्कटॉप वर्क फ्रॉम होमसाठी खाली उतरले, दुकानं बंद, कारागीर गावी, आणि घरोघरी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून कॅबिनेट उघडली गेली. त्या काळात उपनगरांत भाकरी किती थापल्या गेल्या याची फार चर्चा झाली. पिना किती वाकल्या याची झाली नाही.

वाकल्यानंतरची लक्षणं ठरलेली. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवे लागतात, हार्ड डिस्क गुरगुरते, आणि स्क्रीनवर काळोख. ‘सगळं चालू आहे, फक्त दिसत काही नाही.’ अशा वेळी इंजिनिअर भाच्याला फोन जातो. भाचा अंधेरीला मोठ्या कंपनीत असतो, क्लाउडवर काम करतो. तो रॅम काढून पुन्हा बसवायला सांगतो, बटण तीस सेकंद दाबून धरायला सांगतो, मग ‘मामा, मी मीटिंगमध्ये आहे’ म्हणतो. त्याचा दोष नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याला डेटा स्ट्रक्चर होतं, सुई नव्हती.

मग दुकान. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी, स्टेशन कुठलंही घ्या, बाहेर पडून पहिल्या वळणावर एखाद्या शॉपिंग सेंटरच्या तळमजल्यावर हे दुकान सापडतंच. समोर टांगलेले कीबोर्ड आणि माऊस, भिंतीला कार्ट्रिज रिफिलिंगचा फलक, मागे उघड्या पोटाच्या कॅबिनेटांची रांग. बोर्ड काउंटरवर ठेवला की मालक मोबाइलचा टॉर्च मारतो, एक नजर टाकतो आणि कुठल्याही डॉक्टरने घेतली नसेल एवढी थंड मुद्रा करून म्हणतो, ‘पिन बेंड आहे.’ मग थोडं थांबून, ‘कोणी खोललं होतं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर कुठल्याही काउंटरवर दिलं गेलेलं नाही. ‘नाही हो, आपोआप बंद पडला’ हे उत्तर ठरलेलं. मालकालाही ते ठाऊक असतं. तो पिवळ्या फडक्याची दशी चिमट्याने काढून काउंटरवर ठेवतो आणि काही बोलत नाही.

पुढचं वाक्य असतं, ‘लॅमिंग्टन रोडला पाठवावा लागेल.’ लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव देऊनही अनेक वर्षं झाली. पाटीवर भडकमकर, तोंडात लॅमिंग्टन. उपनगरांतले जे बोर्ड घरच्या काउंटरवर दुरुस्त होत नाहीत त्यांची वारी तिथे जाते. मला मात्र दाट संशय आहे की ‘लॅमिंग्टन रोडला पाठवलाय’ असं ज्याच्याबद्दल सांगतात तो बोर्ड कधीकधी शेजारच्या गल्लीतल्या पोरापर्यंतच जातो. माझी त्याला हरकत नाही. त्या पोराचा हात चांगला असतो.

हा पोरगा काम करताना बघण्यासारखा असतो, कारण बराच वेळ तो काहीच करत नाही. घड्याळजी लावतात ते भिंग डोळ्याला, टेबललॅम्प कडेला आडवा, आणि बोर्ड हातात धरून तो नुसता कलता करत राहतो. तिरक्या उजेडात पिनांच्या रांगा एकसाथ चमकतात. जी पिन चमकत नाही किंवा भलत्याच वेळी चमकते, ती गुन्हेगार. मग मोबाइलने फोटो, फोटो मोठा करून पुन्हा पाहणी. गिऱ्हाइकाला वाटतं, हा वेळ काढतोय. खरं तर नव्वद टक्के काम तेच आहे.

मग सुई. शिवणकामाची साधी बारीक सुई, किंवा टोकदार चिमटा. पिन दाबायची नसते, ओढायचीही नसते. तिच्या पोटाखालून सुई घालून केसभर उचलायची, थांबायचं, बघायचं. पुन्हा केसभर. एकदा जास्त उचलली म्हणून परत दाबली, पुन्हा कमी पडली म्हणून परत उचलली, असं दोन-तीनदा झालं की तांब्याच्या मिश्रधातूची ती पिन थकते आणि तुटते. पहिल्या खेपेलाच तिने जवळपास जागेवर यावं लागतं. या पोराला पुढे-मागे कुणी विचारलं की तुझं कौशल्य कशात आहे, तर त्याने खुशाल सांगावं, थांबण्यात.

मुंबईत हे थांबणं सोपं नाही. पंखा बंद करावा लागतो, कारण वाऱ्याने हात हलतो. पंखा बंद केला की मे महिन्यात कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन सॉकेटच्या बरोबर वर लटकतो, आणि खारट पाण्याचा तो एक थेंब सतराशेंना एकदम पुरा पडेल. स्टेशनला लागून दुकान असेल तर फास्ट गाडी गेली की काउंटर थरथरतो; मुरलेला कारागीर गाडीचा आवाज दुरून ऐकूनच सुई वर उचलतो. दमट हवेची एवढीच एक मेहेरबानी की अंगात स्थिर वीज फारशी साठत नाही. कोरड्या गावात बोर्डाला हात लावण्याआधी जपावं लागतं तेवढं इथे लागत नाही. तीच दमट हवा पुढे सावकाश बोर्डाला गंज चढवते, पण तो पुढच्या पावसाळ्याचा प्रश्न.

याहून मोठी अडचण म्हणजे प्रेक्षक. काउंटरभोवती नेहमी तीन-चार माणसं असतात. एकाला पेन ड्राइव्ह हवा असतो, एकाला आधारची प्रिंट, आणि उरलेल्यांचं दुकानात काही काम नसतं. सुई सॉकेटात गेली की सगळे वाकतात. ‘दादा, टूथपिकने होतं ते.’ ‘माझी मिसेस भुवयांचा प्लकर वापरते, आणून देऊ का?’ ‘चिप वरून जोरात दाबली की आपोआप सरळ होतात, माझ्या साडूने केलं होतं.’ हा साडू कोण, त्याच्या बोर्डाचं पुढे काय झालं, हे कधी कळत नाही. मुलुंडच्या दुकानात ही सूचना गुजरातीत येते, मराठीत येते, कधी तमिळमध्येही येते. सगळ्या भाषांत सल्ला मात्र एकच: दाबा.

मला नेहमी वाटतं, ही कला अंधेरीला चुकीच्या इमारतीत जाऊन बसली आहे. १९७३ साली तिथे सीप्झ उभं राहिलं. नावच सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. पुढे त्याच आवारात हिऱ्यांच्या दागिन्यांचे कारखाने आले आणि निर्यातीत त्यांनी मोठी बाजी मारली. आज तिथे एका भिंतीपलीकडे सॉफ्टवेअरवाले बसतात, आणि अलीकडे कारागीर भिंगाखाली सोन्याच्या बारीक दाढा वाकवून हिरा अंगठीत बसवतात. वाकवण्यात ज्यांचा एवढा हातखंडा, त्यांना उलटं करणं काय अवघड? सोनंही तेच, भिंगही तेच, श्वास रोखणंही तेच. फक्त मजुरीत फरक. अंगठीची दाढ नीट बसवली तर वाहवा होते. पिन नीट बसवली तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘एवढंच होतं?’

पिन तुटली तर मात्र सगळा नशिबाचा खेळ. सतराशेंपैकी पुष्कळ पिना वीज आणि ग्राउंडच्या असतात. एकच काम बऱ्याच जणी मिळून करतात, त्यामुळे त्यातली एखादी गेली तर बहुधा कुणाला पत्ता लागत नाही. सरकारी कार्यालयात वर्षभर रिकाम्या असलेल्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा मला याचं नवल वाटलं नाही. पण तीच पिन मेमरीची निघाली तर रॅमच्या दोन खाचा आंधळ्या होतात आणि सोळा जीबीतले आठच दिसतात. ‘ग्राउंडची होती, काही फरक पडत नाही’ असं कारागीर म्हणाला तर देवाला नारळ फोडावा. नसेल तर अख्खं सॉकेट बदलावं लागतं. ते खालून कथिलाच्या गोळ्यांवर डकवलेलं असतं; आजकालचं शिसंविरहित कथिल २१७ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून बोर्ड खालून-वरून तापवणारं बीजीए मशीन लागतं, आणि त्या उष्णतेत शेजारच्या भागांना तग धरावा लागतो. इतका खर्च झाल्यावर बोर्ड नवाच का घेतला नाही, असा प्रश्न घरातून येतो. तोही रास्तच असतो.

वॉरंटीचं स्वप्न बघू नये. सर्व्हिस सेंटरमधला मनुष्य अत्यंत नम्रपणे सॉकेटचा फोटो काढतो, अत्यंत नम्रपणे ‘फिजिकल डॅमेज’ असं लिहितो आणि बोर्ड परत करतो. दुसरं कारण असेल, पिना धडधाकट असतील, तरी त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘सॉकेटचं कव्हर कुठे आहे?’ ते काळं प्लास्टिकचं झाकण नव्या बोर्डाबरोबर येतं आणि प्रोसेसर बसवला की निघून पडतं. आपल्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबा तीस वर्षं टिकतो, मिठाईच्या बॉक्सचा दोरा टिकतो, साडीच्या दुकानाची पिशवी टिकते. जपून ठेवायची ती एकच वस्तू मात्र त्याच दिवशी कचऱ्यात जाते.

झाकणाशिवाय बोर्ड घेऊन प्रवास करणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. बोरिवलीहून संध्याकाळच्या गर्दीत पाठीवरच्या सॅकमध्ये उघडा बोर्ड घालून चढणारा वीर मी पाहिला आहे. त्यातल्या त्यात घाटकोपर-अंधेरी करणाऱ्यांची सोय बरी. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाल्यापासून बेस्टच्या बसमधले हादरे वाचले. तिथे प्रश्न फक्त एक्स-रे यंत्राचा. पडद्यावर बोर्डाची आकृती उमटली की सुरक्षारक्षक पट्टा थांबवतो आणि बॅग उघडायला लावतो. बोर्ड बाहेर निघाला की तो काळजीपूर्वक वाकून बघतो, आणि अगदी सॉकेटच्याच दिशेने बोट पुढे करून विचारतो, ‘ये क्या है?’

तेव्हा ज्यांच्याकडे बोर्ड अजून धडधाकट आहे त्यांनी आजच्या आज कपाट धुंडाळून ते काळं झाकण शोधावं. सापडलं तर स्क्रू आणि बिलासकट एका पाकिटात घालून पाकिटावर नाव लिहावं. ज्यांची पिन वाकलेली आहे त्यांनी घरात सुई शोधू नये. बोर्ड दुकानात न्यावा, आणि काउंटरवर ठेवण्याआधी मालकाच्या डोळ्यांदेखत सॉकेटचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवावा. नाहीतर परत घेताना वाकलेल्या पिना दोनाच्या चार निघाल्या, तर त्या कुणाच्या, यावर दोन्हीकडून शपथा घेतल्या जातात.